मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नेमकं काय करतो?



आपल्याकडे स्थळ आलं की चौकशी कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. धंदा असेल तर तो कसला, हे आधी विचारलं जातं. कापडाचं दुकान, आडत, सराफी असेल तर पुढची बोलणी. हॉटेल असेल तर 'शुद्ध शाकाहारी आहे ना?' परमिट रूम असेल तर बायोडाटा तिथूनच परत. तंबाखूची एजन्सी म्हटलं की घरातली एक तरी आजी नाक मुरडते. कीटकनाशकांचं दुकान असलं तरी दबक्या आवाजात चर्चा होतेच.

आणि मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असेल तर? 'पुण्यात कुठे, हिंजवडीला का? पॅकेज किती? फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा?' झालं. त्याची कंपनी बनवते काय, तो दिवसभर नेमकं काय करतो, हा प्रश्न स्थळाच्या बैठकीत मी आजवर एकदाच ऐकला. तो किस्सा शेवटी सांगते.

आपलं सोलापूर म्हणजे चादरीचं आणि टॉवेलचं गाव. यंत्रमागाच्या घरातल्या लेकराला बाप काय बनवतो हे सांगावं लागत नसे, खडखडाट घरभर ऐकू यायचा. चाटी गल्लीतल्या दुकानदाराच्या बायकोला कापडाचा भाव नवऱ्याइतकाच पाठ. आता मुलं-मुली इंजिनिअर होतात, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि रविवारी संध्याकाळी डब्यात शेव-चिवडा घेऊन परत निघतात. त्यांच्या कामाबद्दल घरात फक्त एवढंच ठाऊक असतं की 'कॉल' असतो आणि कॉल चालू असताना मिक्सर लावायचा नाही.

हे मनात घोळायला लागलं ते माझ्या नणंदेच्या मुलामुळे. गुणी मुलगा. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस त्याची नोकरी गेली. नणंदेचा फोन आला, रडतच होती. 'वहिनी, काही चूक नसताना काढलं हो!' आम्हाला वाटलं मंदी असेल, अमेरिकेचं काही असेल. पर्युषणाच्या दिवसांत तो घरी आला तेव्हा मी त्याला शांतपणे विचारलं, 'अरे, तुमची कंपनी करत काय होती?'

'गेमिंग, मामी.'

'म्हणजे मुलांचे खेळ?'

'नाही. पत्त्यांचे. पैसे लावून.'

नणंद तिथेच बसली होती. तीन वर्षं मुलगा तिथे कामाला, आणि तिला हे त्या दिवशी कळलं.

त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण बातम्यांमध्ये ते क्रिकेटच्या जर्सीच्या चर्चेत हरवून गेलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं. २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही, त्याला फसलेला माणूस धरलं आहे, आणि हे मला योग्य वाटतं. सरकारने तेव्हा सांगितलेला अंदाज असा की सुमारे पंचेचाळीस कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि वर्षाला वीस हजार कोटी रुपये बुडाले. काही दिवसांतच मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. भारतीय संघाच्या छातीवरचं ड्रीम ११ हे नावही गेलं. (त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांचं कृषी खातं काढून क्रीडा खातं दिलं. क्रीडा! आमच्या घरी त्या रात्री हसून हसून पुरेवाट झाली.)

तर भाच्याला मी पुढे विचारलं, 'त्यात तुझं काम काय?'

'मी फक्त मेसेज पाठवणारा भाग लिहायचो, मामी. नोटिफिकेशन.'

हे 'फक्त' काय असतं ते त्याने समजावून सांगितलं. माणूस हरला आणि वैतागून त्याने ॲप बंद केलं, की लगेच काही पाठवायचं नाही, राग असतो. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग रात्री, घरातले झोपल्यावर, 'तुमच्या खात्यात बोनस जमा झाला आहे, तो आज रात्री बारापर्यंतच वापरता येईल'. कोण कधी हरला, किती वाजता परत येतो, पगार झाल्यावर किती भरतो, हे सगळं मोजलेलं. ज्याला जशी ओढ, त्याला तसा मेसेज. मुलगा हे सांगत होता ते गणित सुटल्याच्या आनंदात. तो वाईट नाही हो. त्याच्यासमोर आकडे होते, माणूस कधी आलाच नाही.

माणूस आमच्या दुकानात होता. कापडं दाखवणारा एक पोरगा, वय बावीस. २०२४ च्या दिवाळीचा बोनस त्याने मोबाईलवरच्या पत्त्यांत दोन रात्रींत घालवला, आणि बहिणीच्या ओवाळणीला उसने पैसे मागायला आमच्याकडे आला. तोही सांगत होता की सोडणारच होतो, पण रात्री मेसेज आला.

लहानपणी पाठशाळेत सात व्यसनं पाठ केली होती ना? पहिलं कोणतं? द्यूत. मांस आणि मद्य त्याच्या नंतर येतात. लहानपणी मला नवल वाटायचं की पत्ते खेळणं दारूच्याही आधी का. आता वाटत नाही. श्रावकाने टाळायचे पंधरा धंदेही शास्त्रात मोजून सांगितले आहेत. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा, लाखेचा, विषाचा व्यापार, तळी आटवणं असे. ती यादी करणाऱ्यांनी नफा किती, हे पाहिलंच नाही. या धंद्यापायी कुणाला इजा होते, एवढंच पाहिलं. त्या यादीत सॉफ्टवेअर नाही, म्हणून ते आपोआप निर्मळ ठरतं, असं मला वाटत नाही. संगणकावर बसून केलेलं काम स्वच्छच असणार, हा आपला समज हात काळे होत नाहीत म्हणून झाला आहे.

कंपन्यांचं म्हणणं होतं की रमी हा कौशल्याचा खेळ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही फार पूर्वी रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. असेलही. माझं म्हणणं एवढंच की कौशल्य खेळणाऱ्याकडे किती होतं ते सोडा, रात्री मेसेज पाठवणाऱ्याकडे भरपूर होतं.

आता खेळाबद्दल. मोबाईल गेम म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांतली मी नाही. आपल्याच परंपरेत ज्ञानचौपड होती. सापशिडीसारखाच पट, पण शिड्या पुण्याच्या आणि साप पापाचे, वर मोक्षाचं घर. पर्युषणात बायका-मुलं तो खेळत. म्हणजे खेळ वर्ज्य नव्हता. त्या पटाची एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, तो संपायचा. कुणीतरी वर पोहोचलं की कवड्या डब्यात आणि सगळे जेवायला. मोबाईलवरचा बुद्धिबळाचा डावही संपतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या चार मुली मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. त्यांच्या आयांना मी सांगितलं, खेळू द्या. मला भीती वाटते ती न संपणाऱ्या खेळांची. मुलांच्या कितीतरी गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी उघडायची असते, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे दहा वर्षांचं पोरगं आईच्या यूपीआयवरून ती पेटी उघडतं आणि आपण म्हणतो, गेमच तर खेळतोय.

तुम्ही म्हणाल, पोरांच्या हातात काय असतं? वरून सांगितलेलं काम करायचं. पंचविशीतल्या मुलाने फ्लॅटचा हप्ता भरायचा की कंपनीचा धर्म तपासायचा? मान्य आहे. हप्ता मलाही कळतो. पण सॉफ्टवेअरवाल्यांना आपण समजतो तितकं ते हतबल नसतात. व्हिएतनाममधल्या डोंग न्गुएन या तरुणाचं उदाहरण घ्या. त्याने फ्लॅपी बर्ड नावाचा एक साधा गेम एकट्याने बनवला. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर इतका चालला की जाहिरातींतून दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात, अशा बातम्या होत्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो स्वतःच काढून टाकला. लोकांना त्याचं व्यसन लागलं, हे त्याने कारण दिलं. त्याच्याएवढा त्याग कुणी सांगितलेला नाही. पण नोकरी निवडताना चार कंपन्यांची पत्रं समोर असतील, तर त्यातली एक बाजूला ठेवता येते की नाही? आपण मुलांना हॉटेलात जेवणाआधी स्वयंपाकघर वेगळं आहे का, हे विचारायला शिकवलं. तेवढी चौकशी नोकरीच्या मुलाखतीत केली तर अडचण काय?

आणि ही विचारपूस घरातून आली तर मुलांना आधार होतो, असा माझा अनुभव आहे. आई पॅकेज विचारत राहिली की मुलगा पॅकेज मोठं करत राहतो. ज्या घरात 'आज काय बनवलंस रे' असं विचारतात, तिथली मुलं सांगतात. सगळं कळत नाही, मलाही नाही कळत, पण 'हे वापरणाऱ्याचं पुढे काय होतं?' एवढं विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कुणी बँकेचं काम करतो, कुणी दवाखान्यातल्या नोंदींचं, कुणी रेल्वेच्या तिकिटांचं. अशा मुलांना तर सांगायला आवडतं, विचारणारं कुणी नसतं म्हणून गप्प असतात बिचारी.

भाच्याला चार महिन्यांनी दुसरी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे. नणंदेला त्याचं वाईट वाटतं, आणि ते मी तिला बोलूनही दाखवत नाही, घर तिला चालवायचं आहे.

आता तो बैठकीचा किस्सा. गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीला बघायला पुण्याहून मंडळी आली होती. मुलगी स्वतः सीए करतेय. चहा झाला, मुला-मुलीला बोलायला सांगितलं, आणि तिने सगळ्यांसमोरच विचारलं, 'तुमचं सॉफ्टवेअर कोण वापरतं?' मुलाच्या आईच्या कपाळावर बारीकशी आठी आलीच.

मुलगा म्हणाला, 'शीतगृहं वापरतात. माल किती आला, किती गेला, तापमान किती, ते आम्ही बघतो.'

'कसला माल?'

'डाळिंबं, द्राक्षं. इथलीच, सोलापूर-सांगली भागातली.'

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मावशींनी बर्फीची ताटली पुढे केली. पण मुलगी थांबली नाही. 'फक्त फळंच का?'

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, 'नाही. कोकणातली दोन गोदामं मासळीची आहेत. ती माझ्याकडे नाहीत, पण कंपनीकडे आहेत.'

खोलीत एकदम शांतता. मुलीने मान हलवली आणि म्हणाली, 'तुम्ही सांगितलंत, बरं झालं.' मग दोघं अर्धा तास बोलत बसली, कशाबद्दल ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी दुसरी बैठक आहे.