चरबी गोठवण्यापूर्वी

लग्न ठरलेल्या मुलींना हल्ली ‘चरबी गोठवून घे’ असा सल्ला मिळतो. चाकू नाही, टाके नाहीत, म्हणजे धोकाही नाही, असे समजले जाते. आम्हाला हे मुळीच पटत नाही.

थंडीने त्वचेआधी चरबीच्या पेशी मरतात; यंत्राचे काम एवढ्यावरच चालते. अमेरिकेत २०१० साली त्याला मंजुरी मिळाली ती कंबरेच्या बाजूंवरील चरबीसाठी, वजन उतरवण्यासाठी नव्हे. यंत्र लावलेल्या जागेचा थर साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. वजनाचा काटा फारसा हलत नाही. (मधुमेहही जागेवरच.) क्वचित उलटेच घडते: त्याच जागी चरबी घट्ट होऊन वाढते आणि मग शस्त्रक्रियाच करावी लागते. लिंडा इव्हँजेलिस्टा या प्रसिद्ध मॉडेलने २०२१ मध्ये आपल्यावर हेच गुदरल्याचे जाहीर केले.

शरीर हे मंदिर, असे सांगून कोणी या खर्चाचे समर्थन करू नये. पौलाने करिंथकरांना ते लिहिले जारकर्माच्या संदर्भात. कंबरेच्या मापाचा तिथे विषयच नाही. आणि उपासनेनंतर दारात ‘जाड झालीस गं’ म्हणणाऱ्या मावश्यांना आमची विनंती, या लग्नसराईत तेवढे एक वाक्य गिळा.