'तांत्रिक बिघाड' म्हणजे नेमकं काय बिघडलं?

लोहगावहून विमान उशिरा सुटलं की बातमीतले दोन शब्द ठरलेले: 'तांत्रिक बिघाड'. टॉयलेटच्या नळाला पाणी नसलं तरी तेच, इंजिनात पक्षी गेला तरी तेच. हे शब्द आता पेपरवाल्यांनी (म्हणजे आम्हीही) जरा जपून वापरावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर घराघरात विमानाची भीती बसली आहे. अशा वेळी मोघम शब्द लिहिला, की उरलेली जागा व्हॉट्सअॅप भरून काढतं.

आपल्याच धावपट्टीवरचे तीन प्रसंग बघा. १५ फेब्रुवारी २०२० ला एअर इंडियाचं ए-३२१ वेगात धावत असताना समोर जीप आणि माणूस दिसला. पायलटने विमान वेळेआधीच उचललं. दिल्लीत उतरल्यावर फ्युजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला इजा झाल्याचं दिसलं. मे २०२४ मध्ये दिल्लीला निघालेलं विमान टगला धडकलं. टग म्हणजे विमान ढकलणारा-ओढणारा ट्रॅक्टर. २० जून २०२५ ला दिल्लीहून आलेल्या विमानाला पक्षी धडकल्याचं पुण्यात उतरल्यावर कळलं आणि परतीची फेरी रद्द झाली. तिन्ही वेळा यंत्र आपणहून बिघडलं नव्हतं.

पक्षी धडकला की पुढे काय होतं? आधी इंजिनाच्या तोंडाशी असलेली फॅनची पाती एकेक करून तपासतात. वाकलंय का, चीर गेली आहे का, हे बघतात. आत बघायला बोरस्कोप असतो. पोटाची एंडोस्कोपी करतात ना, तसाच. बारीक कॅमेरा आत सरकवायचा आणि इंजिन न उघडता आतली पाती बघायची. याला वेळ लागतो आणि तोवर विमान जागचं हलत नाही. अशा अडकून पडलेल्या विमानाला मेंटेनन्सवाले 'एओजी' म्हणतात, एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड. हा शिक्का लागलेल्या पार्टची ऑर्डर सगळ्यांच्या आधी निघते.

उलट, काही वस्तू बंद असूनही विमान उडतं, आणि ते नियमानुसारच. त्यासाठी 'एमईएल' नावाची यादी असते. काय बंद असलं तर चालेल, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. बी गटातल्या वस्तूला ३ दिवस, सी गटाला १०, डी गटाला १२०. म्हणजे सीटजवळ 'बंद आहे' असा स्टिकर दिसला तर घाबरायचं कारण नाही. कोणीतरी ते बघितलंय, नोंदवलंय आणि मुदत घातली आहे.

मोठ्या तपासणीतही पायऱ्या आहेत. ए चेक हलका, साधारण आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगसारखा. सी चेकला विमान हँगरमध्ये जातं. सगळ्यात जड तपासणीला जुन्या भाषेत डी चेक म्हणतात. त्यात आतल्या सीटा, पॅनेल काढून सांगाडा उघडा करतात, गंज शोधतात. या कामाच्या जागेला 'एमआरओ' म्हणतात. आपल्या राज्यात नागपूरच्या मिहानमध्ये ती आहे. लढाऊ विमानांचं म्हणाल, तर सुखोईचं ओव्हरहॉल नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये होतं.

काम संपल्यावर 'रिलीज टू सर्व्हिस'वर सही होते. ही सही पायलटची नसते. ती लायसन्सधारक इंजिनिअरची, म्हणजे एएमईची. इंजिन आणि बॉडी बघणारा बी-वन, इलेक्ट्रॉनिक्स बघणारा बी-टू. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेतलेल्यांना हा रस्ता खुला आहे. खर्च कमी नाही, हेही सांगायला हवं. पण मराठी मीडियमची मुलं अडतात ती बऱ्याचदा आधीच, 'मॅन्युअल इंग्रजीत असतं ना' या वाक्यावर.

असतं. पण ते शेक्सपिअरचं इंग्रजी नव्हे. जगभरातल्या बहुतेक मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नाही, म्हणून 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची मोजूनमापून बांधलेली भाषा तयार झाली. साधारण नऊशे मान्य शब्द, त्यात पार्टची नावं वेगळी. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. सूचनेचं वाक्य वीस शब्दांच्या पुढे न्यायचं नाही. 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागून येणे'. 'नियम पाळणे' या अर्थी तो चालत नाही. आपल्या अकरावीच्या इंग्रजीपेक्षा हे सोपं आहे, बेट लावा!

शिवाय निम्मी भाषा नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या पोराला येतेच. आटे गेलेला बोल्ट, वायसर, पाना, सगळं त्याच्या हातातलं. फरक एवढाच, की इथे बोल्ट अंदाजाने आवळत नाहीत. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, टॉर्क रेंच त्या आकड्यावर लावायचा, मग गरज असेल तिथे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लॉकवायर पिळायची आणि शेवटी नाव घालून सही करायची.