एक ओव्हन की दोन?

या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओल धरून फुगली आणि कट्ट्यामागच्या दोन टाइल्स एका रात्रीत खाली आल्या. बेळगावात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पप्पा म्हणाले, दरवर्षी डागडुजी करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नवीन करून घेऊ. कट्टा, कपाटं, वायरिंग, सगळंच. ही बातमी कुवेतला दादाकडे पोचली आणि त्याच रात्री त्याचा फोन आला. "मम्मीला भिंतीत बसवायचा डबल ओव्हन घेऊया. पैसे मी देतो. त्या डबड्यावर किती वर्षं राबणार ती?"

डबडं म्हणजे आमचा बारा वर्षांचा ओटीजी. त्याच्या दाराची स्प्रिंग गेलीय, त्यामुळे दाराला एक चमचा अडकवून ठेवावा लागतो. तरी दर डिसेंबरला कॅम्पातल्या आणि टिळकवाडीतल्या ओळखीच्या घरांसाठी मम्मी त्याच्यावर तीसेक किलो केक भाजते. म्हणून मी लगेच दादाच्या बाजूने मत दिलं. मम्मी काहीच बोलली नाही. आता दीड महिन्यानंतर माझं मत बदललंय. ते का बदललं, हे सांगायला हा लेख. कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला आहे असं मला वाटत नाही.

आधी डबल ओव्हन म्हणजे काय ते सांगते. एकाच चौकटीत एकावर एक दोन ओव्हन असतात. दोघांची दारं वेगळी, तापमान वेगळं. वर दोनशे अंशांवर चिकन रोस्ट होत असताना खाली दीडशे अंशांवर फ्रूट केक भाजता येतो आणि केकला मसाल्याचा वास लागत नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्या दिवशी अख्खी टर्की कित्येक तास ओव्हन अडवून बसते आणि त्याच जेवणाला पायही लागतात. तिथल्या घरांना दुसरा ओव्हन का हवासा वाटतो ते यावरून कळतं. त्यांचा सणाचा स्वयंपाकच ओव्हनमध्ये होतो.

आपला कुठे होतो? मी वही घेऊन बसले आणि आमच्या कुस्वारच्या ताटातले पदार्थ लिहून काढले. नेवऱ्या तेलात तळतात. कुलकुलसुद्धा तेलातच. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, जाड बुडाच्या भांड्यात दोन-तीन तास घोटायचा. पेराद, म्हणजे पेरूच्या वड्या, तेही घोटणंच. दोस हरभऱ्याच्या डाळीचं, तेही गॅसवरच. ओव्हन लागतो तो चार गोष्टींना: केक, रवा-नारळाचा बाथ, बोलिन्हा आणि बेबिंका. म्हणजे अर्ध्याहून जास्त ताट ओव्हनचं दारही न उघडता तयार होतं. डिसेंबरात मम्मीचा खांदा दुखतो तो दोदोल घोटून आणि नेवऱ्या लाटून. दोन ओव्हन आणले काय, चार आणले काय, त्या खांद्याला काय फरक पडणार?

आता केकचा हिशेब. साठ-पासष्ट लिटरच्या एका चांगल्या ओव्हनमध्ये दोन जाळ्यांवर मिळून एक किलोचे चार केक आरामात बसतात. आत पंखा असला की गरम हवा फिरती राहते आणि दोन्ही जाळ्यांवर जवळपास सारखं भाजतं. तापमान तेवढं वीसेक अंशांनी कमी ठेवायचं आणि मध्येच एकदा जाळ्यांची अदलाबदल करायची. तीस केक म्हणजे आठ घाणे. एक घाणा साधारण अडीच तासांचा. रोज एक घातला तरी आठ दिवसांत काम संपतं. आणि रममध्ये भिजवलेल्या फळांचा केक काही त्याच दिवशी खायचा नसतो. नीट गुंडाळून ठेवला तर तीन आठवड्यांनी उलट जास्त चांगला लागतो. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी सुरुवात केली की झालं. आमच्याकडे गर्दी होते ती ओव्हन लहान म्हणून नाही, आम्ही पंधरा तारखेनंतर जागे होतो म्हणून.

अडचण येते ती बेबिंकाला, हे मान्य करते. तिचा एक थर ओतायचा, वरच्या आचेवर लाल होऊ द्यायचा, त्यावर तूप, मग दुसरा थर. सात थर म्हणजे अख्खी दुपार गेली. तेवढा वेळ त्या ओव्हनमध्ये दुसरं काहीच ठेवता येत नाही. दुसरा ओव्हन हवा असं मला खरंच वाटलं ते इथे. पण शामाय, म्हणजे माझी आजी, म्हापशाजवळच्या गावात बेबिंका करायची तेव्हा तिच्याकडे ओव्हनच नव्हता. मातीचं भांडं, वर झाकण आणि त्या झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव. तुमच्यातल्या कोकणी घरांत धोंडस असंच वर-खाली निखारे ठेवून भाजतात. म्हणजे बेबिंकाला महागडी दुसरी पेटी नको, वरून मिळणारी आच हवी. ती आमचं डबडं आजही देतं, चमचा अडकवून का होईना.

मग इलेक्ट्रिशियन आला. त्याचं बोलणं मी लिहूनच घेतलं. साधा बिल्ट-इन ओव्हन तीनेक किलोवॅट ओढतो, तो सोळा अँपिअरच्या पॉइंटवर चालतो, फक्त वायर नवीन हवी. डबल ओव्हनचे दोन्ही भाग एकदम चालू केले तर पाच ते सात किलोवॅट. त्याला थेट बोर्डापासून वेगळी जाड केबल, बत्तीस अँपिअरचा एमसीबी, आणि घराचा मंजूर वीजभार वाढवून घ्यायचा अर्ज. "वर्षात चार दिवसासाठी कशाला ओ हे?" असं तो पप्पांना म्हणाला. मला त्याचा थोडा राग आला होता, पण त्याच्याकडे उत्तर होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये उभं राहिल्यावर कळली. डबल ओव्हनची उंची नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते. भिंतीत बसवला की एक तर वरचा ओव्हन खांद्याजवळ येतो, नाही तर खालचा गुडघ्यापाशी जातो. मम्मीची उंची पाच फूट, कंबर दुखरी. चार केकची गरम जाळी तिने गुडघ्यापासून उचलायची? एकच ओव्हन असेल तर तो बरोबर कट्ट्याच्या उंचीला बसवता येतो. विकणारा माणूस आम्हाला स्क्रीन आणि दिवे दाखवत होता. मम्मीने दार उघडलं, खाली वाकून पाहिलं, सरळ झाली आणि म्हणाली, "छान आहे." तिचं हे 'छान आहे' आम्ही ओळखतो. ते नको असलेल्या साडीला म्हणायचं असतं.

ओव्हन घरात येण्याआधी आपले लोक काय करायचे, हेही आठवून बघा. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची आणि बिस्किटं, नानकटाई करून आणायची. शेजारच्या काकू अजून सांगतात, बेकरीच्या बाकावर नंबर लावून बसण्यात अर्धी मजा असायची. गोव्यात नाताळचे केक पोदेराच्या भट्टीत जायचे. पाव निघाल्यावर भट्टीत जी ऊब उरते तिच्यावर ते भाजून व्हायचे. आपापल्या साच्याखाली खूण करून ठेवायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. एक भट्टी आणि घरं अनेक, तरी सण होत होते. मी जुने दिवस परत आणा असं म्हणत नाही. पाऊस-थंडीत डोक्यावर ट्रे घेऊन जाण्यात काही कौतुक नाही, आणि ते ट्रे बहुतेक बायकाच वाहायच्या. मला एवढंच दिसलं की तेव्हा काम वाटलेलं होतं. आता ओव्हन घरात आला आणि सगळं काम एकाच बाईकडे आलं.

इथे माझीच कबुली द्यायला हवी. गेली तीन वर्षं मी डिसेंबरात एकही अंडं फेटलेलं नाही. सेमिस्टरची परीक्षा, मग कॅरलची प्रॅक्टिस, मग गोठा. केक तयार झाला की फोटो मात्र माझाच पहिला. दादा तर तिथून फक्त विचारतो, "पार्सल कधी पाठवालीस?" आम्हा दोघांना मम्मीसाठी वाईट वाटतं हे खरं आहे. पण वाईट वाटलं की आम्ही मशीन घ्यायला निघतो. मशीन घेतलं की आपण सुटलो. डबल ओव्हन आला असता तर तीसाचे साठ केक झाले असते आणि आम्ही म्हटलं असतं, आता मम्मीला किती सोपं झालं!

याचा अर्थ दोन ओव्हन कुणीच घेऊ नयेत असा नाही. ज्यांचा रोजचा बेकरीचा धंदा आहे, ज्यांना एकीकडे पाव आणि दुसरीकडे केक रोज भाजायचाय, त्यांनी जरूर घ्यावेत. तेव्हाही एका चौकटीतल्या डबलपेक्षा दोन सुटे ओव्हन मला शहाणपणाचे वाटतात. एक बिघडला तर दुसरा चालू राहतो, आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत भिंत उकरावी लागत नाही.

आमचं ठरलं ते असं. एकच ओव्हन, पंख्याचा, कट्ट्याच्या उंचीला. डबडं राहणार, त्याची स्प्रिंग बदलून, बेबिंकासाठी. आणि दुसऱ्या ओव्हनसाठी आखलेल्या जागेत सुताराने भिंतीला दुमडणारी फळी बसवायची, दोघांना समोरासमोर बसून नेवऱ्या भरता येतील एवढी. ही फळीची कल्पना मम्मीची. दीड महिन्यात तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा नाराज झाला. "मग माझ्या पैशाचं काय करू?" मम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "डिसेंबरचं तिकीट बघ. दोदोल घोटायला माणूस पाहिजे."

त्याने अजून तिकीट काढलेलं नाही. रजेचं बघतो म्हणालाय. मी मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहिल्या घाण्याला उभी राहणार आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे मंडळातल्या कुणीही मला विचारावं. आणि तुमच्या घरात असा प्रश्न निघाला, मग तो ओव्हनचा असो, मोठ्या मिक्सरचा असो की डिशवॉशरचा, तर दुकानात जाण्याआधी घरातल्या त्या बाईला एकदा विचारा की तिचं नक्की काय दुखतं.