आवाजाच्या धंद्याला महागडा माइक नको, मुकी खोली हवी

दिवाळीच्या आधी काही कामानिमित्त गोंदियाहून बिरसीला जाणे झाले. तेथे एका परिचित कुटुंबाचे शिंपीकाम आहे. पुढे दुकान, मागे घर. चहा व्हायच्या आत घरातील मुलाने आम्हांला हाताला धरून आपली खोली दाखवायला नेले. टेबलावर नवा कोरा कंडेन्सर माइक, इंटरफेस, हेडफोन, दोन मोठे स्पीकर, आणि चारही भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. "चाचा, हा माझा व्हॉइस-ओव्हरचा स्टुडिओ," तो म्हणाला. खर्च किती, असे विचारले तेव्हा तो जरा थांबला. सत्तर हजार, त्यांपैकी निम्मे मामाकडून उसने आणलेले. तीन महिन्यांत निरनिराळ्या ठिकाणी चार नमुने पाठवले आणि चारही परत आले. प्रत्येकाचे उत्तर जवळजवळ सारखेच होते: आवाज चांगला आहे, पण खोली घुमते आणि मागे विमान ऐकू येते.

दारात उभे असलेले वडील म्हणाले, "आता विमानाला कोण थांबवणार, भाईजान? ते तर आमच्या आधीपासून इथे आहे."

हे त्यांचे म्हणणे अगदी खरे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे येथे वैमानिक घडवणारी संस्था आली, आणि मार्च २०२२ मध्ये येथून पहिले प्रवासी विमान उडाले. प्रवासी विमान येते आणि निघून जाते, त्याचा त्रास थोडा. खरी अडचण शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांची. आकाश निरभ्र असले की ती गावावरून पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात. म्हणजे विमान शिकणारे आणि आवाज शिकणारा, दोघांचा सराव एकाच वेळी चालू!

परंतु या मुलाचे नुकसान विमानाने केले असे आम्ही म्हणणार नाही. नुकसान केले ते खरेदीच्या क्रमाने. आधी यंत्र घेतले आणि खोलीचा विचार मागाहून केला. आपल्या समाजातील बरीच तरुण मुले आज या धंद्याकडे वळत आहेत. जाहिराती, माहितीपट, शाळांचे धडे, बोलती पुस्तके यांना आवाज लागतो, आणि तो घरबसल्या देता येतो हे खरे आहे. म्हणूनच या क्रमाबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हांला जरूर वाटते.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक, बाहेरचा आवाज आत येणे. दुसरी, आपलाच आवाज भिंतींवर आपटून परत माइकात शिरणे. पहिल्यावर इलाज आहे वजनाचा: जाड भिंत, भरीव दरवाजा, बंद केलेल्या फटी. दुसऱ्यावर इलाज आहे मऊपणाचा: कापूस, कापड, लोकर. रजई कितीही टांगली तरी विमान आत यायचे थांबत नाही, आणि भिंत दीड फुटाची असली तरी रिकाम्या खोलीचे घुमणे जात नाही. अंड्यांचे ट्रे यांपैकी कोणतेच काम धडपणे करत नाहीत. पातळ कागदाचा लगदा तो. आवाजाची वरची थोडी किनार शोषतो, बाकी सगळे तसेच राहते. वर ठिणगी पडली तर भुरकन पेट घेतो, ते वेगळेच.

आता व्यापारी बंधूंनी नीट लक्ष द्यावे. जी मुकी खोली शहरातले स्टुडिओवाले लाखो रुपये घालून तयार करतात, ती तुमच्यापैकी कित्येकांकडे आधीच आहे. कापड दुकानाच्या मागच्या खोलीत, जेथे ठाणांच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या आहेत, तेथे उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. टाळी जागच्या जागी मरते. गादी-रजई भरणाऱ्या पिंजारी बंधूंच्या गोदामात तेच. धानाची पोती रचलेल्या कोठीतही बऱ्याच अंशी तेच, कारण तागाचे पोते आणि दाण्यांमधील पोकळी आवाज खाऊन टाकते. मग तीच टाळी त्या मुलाच्या खोलीत वाजवा, सिमेंटचा गिलावा आणि फरशी यांच्यामध्ये ती झणझणत राहते. सत्तर हजारांचा हिशोब या एका टाळीत कळला असता.

आम्ही त्या शिंपीभाईंना विचारले, "तुमचे कापड कोठे ठेवता?" त्यांनी मधली खोली दाखवली. जुन्या घराची मातीची जाड भिंत, खिडकी नाही, दोन बाजूंना कापडाची मांडणी, शिलाईला आलेल्या कपड्यांची गाठोडी. मुलगा मात्र स्टुडिओ म्हणून बाहेरच्या बाजूची, मोठ्या खिडकीची, टिनाच्या छताची खोली घेऊन बसला होता. पावसाळ्यात टिनावर पाऊस वाजू लागला की तेथे बोललेले बोलणाऱ्यालाही ऐकू येत नसेल.

ज्यांच्याकडे अशी खोली नाही त्यांनीही हातचे कारागीर सोडून शहराकडे धावू नये. सुताराकडून लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून घ्याव्यात, चार फूट बाय दोन फूट, खोली चार इंच. त्यांत रॉकवूल भरून वरून सुती कापड ताणून शिवून घ्यावे. कापडाशिवाय ते उघडे ठेवू नये, त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि श्वासात जातात. चौकट भिंतीला चिकटवण्यापेक्षा तीन-चार इंच पुढे ठेवली तर जास्त काम देते. अशा पाच-सहा चौकटी, खाली सतरंजी, बोलणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई, एवढ्यात काम भागते. हा पैसा सुतार, शिंपी आणि पिंजारी यांच्याच हातात जातो, हेही आम्हांला महत्त्वाचे वाटते.

राहिले विमान. त्याला भिंतीने थोडे अडवावे आणि बाकीचे वेळेने सांभाळावे. उड्डाणाचा सराव मुख्यतः दिवसा, चांगल्या हवेत चालतो. पहाटेच्या नमाजनंतरचे दीड-दोन तास आणि रात्रीचे जेवण झाल्यानंतरची वेळ रेकॉर्डिंगसाठी राखावी, आणि एखाद्या रात्री सराव असला तर ती रात्र सोडून द्यावी. अजान, भजन, राईस मिलचा भोंगा यांच्या वेळा गावात सर्वांना ठाऊक असतात, त्यांच्यासाठी काही वेगळे करावे लागत नाही. लग्नाच्या डीजेवर मात्र आजवर कोणाला उपाय सापडलेला नाही. शिवाय आपल्या विदर्भात मे महिन्यात पंखा बंद करून कोंदट खोलीत बसणे म्हणजे शिक्षाच, त्यामुळेही पहाटच बरी. लॅपटॉपची बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवावी आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून टाकावा. वीज गेली तर काम थांबत नाही आणि विजेची बारीक गुणगुणही बरेचदा नाहीशी होते.

यंत्रांबद्दल थोडक्यात. कंडेन्सर माइक फार कानाचा तिखट असतो, खोली साधली नसेल तर तो सगळी खोली टिपतो. सुरुवातीला साधा डायनॅमिक माइक बरा. तोंडापासून वीतभर किंवा त्याहून थोडा जवळ, आणि किंचित तिरपा धरावा, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा धक्का बसत नाही. मोठ्या स्पीकरांची गरजच नाही, कान झाकणारा हेडफोन पुरे. ध्वनी छाटण्यासाठी ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम २००० सालापासून फुकट मिळतो. माइक, इंटरफेस, हेडफोन, स्टँड मिळून पंधरा-वीस हजारांत चांगली सुरुवात होते, जुना माल पारखून घेतला तर त्याहून कमीत. नमुना पाठवण्याआधी दहा सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून पाहावी. बोलत्या पुस्तकांच्या धंद्यात ही शांतता उणे साठ डेसिबलच्या खाली असावी आणि बोलण्याचे टोक उणे तीनच्या वर जाऊ नये, अशी अट घातली जाते. सत्तर हजारांच्या त्या खोलीत आम्ही मोजायला लावले तर काटा उणे चाळीसच्या आसपास नाचत होता.

आता गिऱ्हाइकाचे बोलू. मुंबई-पुण्याच्या कामाची स्वप्ने बघायला हरकत नाही, परंतु पहिली रोजी बहुधा गावाजवळच मिळते. भाऊबीजेपासून आपल्या भागात गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. वडसा येथील नाट्यमंडळांपासून गावच्या मंडळांपर्यंत सर्वांना गाडीवरून वाजवायला घोषणा लागते. कापड दुकानाचा सेल, नवे हॉस्पिटल, शिकवणी वर्ग, भंगारवाल्याची आणि भाजीवाल्याची हाक, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे आता रेकॉर्ड केलेला आवाज फिरतो. यांतील बऱ्याच रेकॉर्डिंगा ऐकवत नाहीत अशा असतात. मराठी, हिंदी, पोवारी आणि हद्दीपलीकडच्या बालाघाटची बोली, चारही जो नीट बोलेल त्याला या पट्ट्यात काम कमी पडणार नाही.

येथे आपल्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे, तिची त्यांना जाणीव नसते. घरात उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी असे त्यांचे कान लहानपणापासून तयार झालेले असतात. 'ख़बर' आणि 'ज़मीन' यांतला नुक्ता त्यांना शिकवावा लागत नाही. उणीव राहते ती मराठीच्या 'ळ'ची, आणि 'चार' व 'चारा' या दोन शब्दांतला 'च' एक नाही हे ध्यानात न घेण्याची. सहा महिने रोज अर्धा तास मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तर ती भरून निघते, आणि त्याला पैसाही लागत नाही.

अमीन सयानी यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३२ साली मुंबईत जन्मलेले सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. त्यांची आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत काढत असत, आणि मुलाची भाषा त्या कामात हात देताना घडली. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा त्यांना आठवड्याचे पंचवीस रुपये मिळत. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड होई आणि टेप विमानाने कोलंबोला जाई. म्हणजे आवाज एका गावी, गिऱ्हाईक दुसऱ्या गावी, ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीचीच आहे. आता टेपच्या जागी तार आली, एवढाच फरक.

दुसरा फरक मात्र मोठा आहे आणि तो लपवून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. संगणकाने तयार केलेला आवाज आता बाजारात आला आहे, आणि साध्या वाचनाची स्वस्त कामे त्याने खाण्यास सुरुवात केली आहे. ज्याच्याकडे फक्त गोड गळा आहे त्याचे कठीण आहे. ज्याच्याकडे बोली आहे, मजकूर समजून बोलण्याची अक्कल आहे आणि संध्याकाळी सांगितलेले काम सकाळी देण्याची सवय आहे, त्याला अजून जागा आहे.

तेव्हा व्यवहार लेखी ठेवा. तोंडी सौद्यात आपला कारागीर नेहमी मार खातो. काम किती मिनिटांचे, कोठे वाजणार, किती काळ वाजणार, दुरुस्ती किती वेळा फुकट, आणि हा आवाज कोणत्याही यंत्राला शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही, एवढे अर्ध्या पानावर लिहून सही घ्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर, संमतीविना त्यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मनाई केली. कॉपीराइट कायद्यातही १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी सादर करणाऱ्या कलावंताला हक्क दिले आहेत. परंतु बिरसीचा मुलगा प्रत्येक वेळी कोर्टात जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी सही केलेले अर्धे पान जास्त कामाचे. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तोवर सेवेच्या धंद्याला जीएसटीची सक्ती नाही, तरी पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवावे.

आम्ही निघालो तेव्हा बापलेक मधल्या खोलीतली मांडणी सरकवीत होते. दोन्ही मोठे स्पीकर विकून मामाचे काही पैसे फेडायचे ठरले. आठ-दहा दिवसांनी फोन आला: शेजारच्या गावच्या मंडईची घोषणा मिळाली, दोन मिनिटांची, पहाटे पाच वाजता कापडाच्या गाठोड्यांमध्ये बसून केली. पैसे ठरले सातशे. निम्मे आगाऊ मिळाले, निम्मे मंडई उठल्यावर.