बीदरात बसून बोट घेणाऱ्यांना



एरवी मी इथं शाळेच्या, किल्ल्याच्या, नाही तर पापनाशच्या शिवरात्रीच्या आठवणी लिहितो. आज मात्र भांडायचं आहे. भांडण सख्ख्या भाच्याशी आहे आणि त्यापायी अक्का तीन आठवडे माझ्याशी बोललेली नाही. तिनं हे वाचलं तर अजून तीन आठवडे बोलणार नाही, तरी लिहितो.

भाच्याला बोट घ्यायची आहे. मासेमारीची, जुनी, रत्नागिरीकडची. हुमनाबाद रोडची दोन एकर विकून पैसा आला, तो एफडीत नुसता पडून आहे म्हणतो. कुणा एजंटानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेत. नवाकोरा रंग, वर झेंडा, जाळ्यातून ओसंडणारे बांगडे. "मामा, आपण फक्त पैसा घालायचा. तांडेल त्यांचा, खलाशी त्यांचे. इथं बसून निम्मा वाटा." आपल्यातली आणखी दोन घरं यात भागीदार होणार आहेत असं कळलं, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आधी एक गोष्ट साफ करतो. परवा बैठकीत एक वडीलधारे म्हणले, मासे मारणं हे काय आपल्यासारख्यांचं काम आहे का? मला ते बिलकुल पटलं नाही. मांजऱ्याच्या काठानं भोई मंडळी जाळं टाकायची, त्यांचे मासे आपण चवीनं खाल्ले आणि त्यांच्या कामाला नाक मुरडलं. आणि बीदरला समुद्र परका तरी कुठाय? निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरवरून आपल्या बीदरला आला आणि समुद्रापलीकडून आणलेला घोडा त्यानं इथं विकला. ज्या महमूद गावानच्या मदरशासमोर आपण पाहुण्यांचे फोटो काढतो, त्यानंच १४७२ साली गोवा घेतलं. तेव्हा भाच्यानं समुद्रावर जावं, खुशाल जावं. माझा राग जाण्यावर नाहीच. न जाता मालक होण्यावर आहे.

हा राग कुठून आला ते सांगतो. १९८३ साली माझी बदली रत्नागिरीला झाली. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कमठाण्याचा तलाव. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर शेतीबरोबर मत्स्यव्यवसायालाही कर्ज द्या असा वरून रेटा असायचा, आणि मी बी.कॉम. झालेला फील्ड ऑफिसर. कोळंबी आणि सुरमई यातला फरकसुद्धा मला ताटात पडल्यावर कळायचा.

गावातल्या एका कापडदुकानदारानं जुन्या लाकडी बोटीसाठी कर्ज मागितलं. मी बोट बघायला गेलो. ती खाडीत तरंगत होती, ताजा रंग लावलेला, इंजिन धडधडत होतं. मी फळीवरून चढलो, चहा प्यालो, मूल्यांकनाच्या कागदावर सही ठोकली. दुकानदार स्वतः त्या बोटीवर कधी चढलाच नाही. दिवाळीनंतर एका रात्री बाहेर वारा सुटला, तळाची फळी निघाली आणि पाणी आत शिरलं. तांडेलानं शर्थ करून माणसं किनाऱ्याला आणली. बोट गेली. बोटीला विमा होता, बँकेला तारण होतं, दुकानदाराला दुकान होतं. जाळी होती तांडेलाची, बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेली, आणि त्याच्याकडे कसलाच कागद नव्हता.

पुढं एकदा त्यानंच मला वाळूवर ओढून ठेवलेली दुसरी एक बोट दाखवली. बाहेरून चकचकीत. पठाणाजवळ, म्हणजे बोटीच्या कण्याजवळ, त्यानं खिशातला चाकू टेकवून दाबला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. लाकूड आतून किड्यानं पोखरलेलं होतं. म्हणला, "साहेब, तुम्ही रंगाला कर्ज दिलंत." चाळीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. त्याला मी काय उत्तर देणार होतो?

आता भाच्याच्या निम्म्या वाट्याचा हिशोब करू. वर्षाचे ३६५ दिवस. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. राहिले ३०४. बरेच जण नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जात नाहीत. मग वादळाचे इशारे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. इशारा आला की बोट बंदरात बसते, पण खलाशांचं रेशन चालू राहतं. खलाशी हंगामाच्या आधी उचल घेतात. नेपाळपासून आपल्या कर्नाटकापर्यंत कुठून कुठून येतात बिचारे, आणि कुणी मध्येच निघून गेला तर उचल बुडाली. डिझेल आणि बर्फ रोख. आणि घसारा! शेत पडीक ठेवलं तरी शेतच राहतं. बोट नांगरून ठेवली तरी खारं पाणी तिला रात्रंदिवस खात असतं. एवढं सगळं वजा झाल्यावर निम्मा वाटा. आणि तो तरी कशाचा? मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव चालतो तेव्हा आपण बीदरात पांघरुणात असतो. किती टोपल्या उतरल्या हे एजंट फोनवर सांगेल तेच खरं मानायचं.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही बँकेतले. तुम्हाला सगळ्यात धोकाच दिसतो." हाव बाबा, दिसतो. त्यासाठीच सरकारनं मला पेन्शन लावलीय.

एजंटाचं दुसरं आमिष पर्ससीनचं. म्हणे, मोठं जाळं लावू, रात्री दिवे लावू, एका फेरीत लाखाची मासळी. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, नवे परवाने थांबवले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी आणली. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त होऊन दंड लाखांत गेला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचे छोटे मच्छीमार याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत, कारण आख्खा थवा एका जाळ्यात गेला की किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. आपलं रान विकलेला पैसा त्यांच्या ताटातला मासा उचलायला वापरायचा? आणि पकडलं तर बोट मालकाच्या नावावर, म्हणजे आपल्या. एजंटाचं नाव कुठंच नसतं.

कागदांचं तर विचारूच नका. नोंदणी वेगळी, मासेमारीचा परवाना वेगळा. २००८ साली अतिरेकी पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवून मुंबईला आले, त्यानंतर बोटीची नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रं याबाबत कडक तपासणी सुरू झाली. बोट दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडचा ना हरकत दाखला लागतो. बँकेचा बोजा आहे का, सोसायटीची बाकी आहे का, इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो का, हे बघायचं असतं. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, आणि सोसायटी असते खऱ्या मच्छीमारांची, बीदरच्या एफडीवाल्यांची नव्हे. भाच्याला यातलं एक कागद माग म्हणलं, तर एजंटानं अजून एक व्हिडिओ पाठवला.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच की बोट शेवटी घे. आधी मालवणला जा, पहाटे रापणीच्या दोराला हात लाव. ओढणाऱ्याला चार मासे देतातच. खडकावर बसून गरी टाकायला शीक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, आणि रोज पाऊण तासानं पुढं. हा हिशोब मला त्या तांडेलानं शिकवला, कॉमर्सच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. मग दुसऱ्याच्या बोटीवर हंगामभर खलाशी म्हणून जा. चार दिवस ओकशील, मग हातांना घट्टे पडतील.

एवढं करूनही घ्यावीशी वाटली तर बोट पाण्यातून बाहेर काढायला लाव. बाहेर काढत नाहीत म्हणले तर तिथूनच परत फिर. लाकडी असेल तर चाकू, फायबरची असेल तर लाकडी हातोडी. ठोकल्यावर बद्द आवाज आला तर तिथं आतून सुटलंय. इंजिन गार असताना सुरू करायला सांग. तू पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर समज काय ते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. आणि ज्या तांडेलाच्या हाती बोट देणार, त्याच्या जाळ्यांची किंमत आधी कागदावर लिहून घे, त्याच्या सहीनं आणि तुझ्या.

त्या तांडेलाचा मुलगा आता मिरकरवाड्याला स्वतःची बोट चालवतो. त्याच्याशी मी फोनवर बोललो. ऑगस्टात हंगाम सुरू झाला की भाच्याला बरोबर घ्यायला तो तयार आहे, पगार नाही, जेवण बोटीवर. बसचं तिकीट मी काढतो म्हणलं. भाचा म्हणला, विचार करतो. अक्का म्हणली, माझं लेकरू खलाशी व्हायला जन्मलेलं नाही.

म्हणजे त्याच घरात मालक व्हायला हरकत नाही, खलाशी व्हायला आहे.

त्या दोन घरांतल्या कर्त्या माणसांना विनंती, रागावू नका, पण एकदा संध्याकाळी माझ्याकडे या. इसार द्यायची तारीख पुढचा सोमवार ठरलीय म्हणे.