कुलीन कुत्र्यांचा सोस

ब्रिटनमधील आपल्या कुटुंबांत कुत्रा पाळण्याची हौस वाढते आहे, आणि तिचे आम्ही स्वागत करतो. आमचा आक्षेप आहे तो कुत्रा निवडण्याच्या रीतीला. मुलांचा हट्ट बहुधा चपट्या नाकाच्या फ्रेंच बुलडॉगसाठी किंवा पगसाठी असतो. आणि आईवडीलही ‘अस्सल वंशावळीचा’ मिळावा म्हणून हजार-दोन हजार पौंड मोजायला तयार होतात. २०१८ मध्ये याच फ्रेंच बुलडॉगने लॅब्रॅडॉरला मागे टाकले आणि तो या देशात सर्वाधिक नोंदणी होणारा कुत्रा ठरला. (मुंबई-पुण्याला पगचे वेड लावणारी हचची जाहिरात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.)

कुत्र्यांच्या अशा प्रकारांना मराठीत ‘जात’ म्हणतात, आणि येथे तो शब्द चपखल बसतो. १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या नोंदवहीचा ढोबळ नियम असा की, ज्याचे आईबाप वहीत, त्याचेच नाव वहीत. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते. तुलना अर्थातच जपून करावी लागते. माणसांच्या जाती म्हणजे निरनिराळे वंश, ही समजूत त्यांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढली आहे. माणसांत जात ही मानलेली गोष्ट. कुत्र्यांत मात्र माणसाने ती रक्तामांसात घडवून दाखवली. तिचे फळ काय? लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवहीची छाननी केली, तेव्हा येथील सुमारे दहा हजार पगांमधील आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकीच असल्याचे आढळले. सख्ख्या भावंडांच्या किंवा आई-मुलाच्या संकरातून झालेल्या पिलांची नोंदणी क्लबने थांबवली ती २००९ मध्ये!

चपट्या नाकाचे कुत्रे घोरते, फुरफुरते, आणि आपण कौतुकाने हसतो. वास्तविक ती श्वासासाठी चाललेली धडपड असते. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने कवटी आखूड केली, पण आतली मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाली नाही; ती श्वासमार्गात लोंबते. नाकपुड्यांच्या तर नुसत्या फटी उरल्या आहेत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. ज्याला धड धापही टाकता येत नाही, त्याने उन्हाळ्यात काय करावे? बाळंतपणाचीही तीच गत. डोके मोठे, कटिभाग अरुंद. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या येथील एका पाहणीत फ्रेंच बुलडॉगची ऐंशी टक्क्यांहून अधिक बाळंतपणे पोट चिरून करावी लागल्याचे दिसले. जी जात शल्यचिकित्सकाच्या मदतीवाचून सहसा जन्मही घेऊ शकत नाही, तिला ‘उत्तम’ म्हणणे आम्हांस तरी जमत नाही.

या हौसेच्या मागे बाजार उभा आहे. वेल्समधील पिलांच्या एका कारखान्यातून २०१३ मध्ये ल्यूसी नावाची कॅव्हेलियर कुत्री सोडवण्यात आली. वारंवार विऊन तिचे शरीर पार मोडले होते. तिच्याच नावाने ओळखला जाणारा नियम इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू आहे. दलालामार्फत पिलू विकता येत नाही. ते जन्मले त्या जागी, आईसोबत दाखवावे लागते. त्यावरही भाड्याचे घर आणि उसनी आई उभी करणारे महाभाग आहेतच. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत प्राण्यांचा व्यापारही आहे. विकणारा दोषी आणि विकत घेणारा मोकळा, असा हिशेब आम्हांस पटत नाही.

कुक्कुर जातक आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही, याचे नवल वाटते. राजाच्या रथाचे चामडी साज रात्री अंगणात राहिले, पावसात भिजले, आणि राजवाड्यातल्या कुलीन कुत्र्यांनीच ते खाल्ले. आळ मात्र बाहेरच्या कुत्र्यांवर आला, आणि दिसेल ते कुत्रे मारण्याचा हुकूम सुटला. वाड्यातल्यांना तेवढे अभय. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी राजापुढे जाऊन विचारतो, हा न्याय की दुबळ्यांची कत्तल? मग तो वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खाऊ घालायला सांगतो, आणि चामड्याचे तुकडे ओकून बाहेर पडतात. जातकांकडे आपण नीतिकथा म्हणूनच पाहतो. पण ‘गावठी’ हा शब्द नाक मुरडून उच्चारणाऱ्याने ही कथा अवश्य वाचावी.

कुत्रा हवाच असेल तर आश्रयगृहात जावे. १८६० मध्ये सुरू झालेल्या बॅटरसीपासून गावोगावच्या लहान संस्थांपर्यंत ती सर्वत्र आहेत. तेथे प्रश्न फार विचारतात, ही तक्रार खरी आहे. घर किती तास रिकामे असते, कुंपण किती उंच, मुले किती लहान? रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना नकारही येतो. तो अपमान समजू नये. पाळी संपेपर्यंत बंद दारामागे बारा तास वाट पाहणाऱ्या जिवाच्या वतीने विचारलेले ते प्रश्न आहेत. आणि मुलाने फ्रेंच बुलडॉगचाच ध्यास घेतला असेल, तर तोही तेथे भेटतो. श्वासमार्गाच्या शस्त्रक्रियेचा खर्च न झेपल्याने मालकांनी सोडून दिलेले असे कुत्रे तेथे येत असतात. त्याच्या उपचारांसाठी दरमहा किती बाजूला ठेवावे लागेल, हे मात्र नाव नोंदवण्याआधी पशुवैद्याला विचारून घ्यावे.