मानेला हिसका नको

कटिंग-दाढी झाली, चंपी झाली की कारागीर हनुवटी आणि डोके धरून मानेला हिसका देतो. कट् असा आवाज होतो, गिऱ्हाइकाला हलके वाटते. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यापासून मुंबईपर्यंत ही सवय सारखीच. ती बंद व्हायला हवी.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर चढतात. मान वळते तेव्हा जवळपास निम्मी हालचाल सगळ्यात वरच्या दोन मणक्यांत होते आणि बऱ्याचदा धमनी तिथेच ताणली जाते, दबते. एरवी बिघडत नाही, दुसरी धमनी पुरेसे रक्त पोचवते. पण काहींची ती दुसरी जन्मतःच बारीक असते. मान एका बाजूला पूर्ण वळवताच अशा माणसाला गरगरते, अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते. मान सरळ केली की पुन्हा ठीक. तिरंदाजीचा सराव करताना पक्षाघात झालेल्या एका रुग्णाची नोंद १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून याला ‘बो हंटर्स स्ट्रोक’ म्हणतात.

विकार दुर्मीळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. तरी २०२२ मधले हैदराबादचे उदाहरण विसरू नये. ब्युटी पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुताना पन्नाशीतल्या एका बाईंना चक्कर आणि मळमळ सुरू झाली. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेले. दुसऱ्या दिवशी चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा मेंदूचा झटका उघड झाला. त्यांचीही एक धमनी बारीकच होती. २०२४ मध्ये बल्लारीत न्हाव्याने मानेला हिसका दिल्यावर तिशीतल्या तरुणाला पक्षाघात झाला; तिथे धमनी दबली नव्हती, तिचे अस्तर फाटले होते.

अशा झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. चौसाळ्याच्या माणसाचा यातला काही वेळ बीडच्या रस्त्यावरच जाईल. म्हणून बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोल गेला, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणत घरी थांबू नये. १०८ला फोन करावा.

चक्कर म्हटले की बीपी मोजून गोळी दिली जाते. डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: मान कोणत्या बाजूला वळवल्यावर चक्कर येते? उत्तर दरवेळी एकाच बाजूचे असेल, तर मान वळवलेल्या स्थितीत धमन्यांची अँजिओग्राफी करून दाब नेमका कुठे पडतो ते दिसते, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने तो काढताही येतो.